कानातली शीळ आणि दारातला डीजे

उर्दूत 'कान बजना' असा एक वाक्प्रचार आहे. नसलेला आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे, हा त्याचा अर्थ. दारात कोणी नसताना घरातले एखादे माणूस 'आलो, आलो' म्हणत उठले, की बाकीचे हसून म्हणतात, तुमचे कान वाजत आहेत. थट्टा निरुपद्रवी आहे. पण तिच्यामुळे एक अडचण होते. ज्यांच्या कानात खरोखरच रात्रंदिवस आवाज येतो, ते ही गोष्ट कोणाला सांगायला लाजतात. लोक हसतील, किंवा डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, अशी भीती त्यांना वाटते. वर्षानुवर्षे ते गप्प राहतात.

आम्ही त्यांच्यापैकीच एक आहोत. गेली सहा वर्षे आमच्या डाव्या कानात बारीक शीळ वाजते आहे. प्रेशर कुकरची शिटी दूरच्या घरात होत राहावी, तशी. ती थांबत नाही. हा लेख लिहिताना ती आहे, वर्गात शिकवताना ती असते, फजरच्या नमाजला उभे राहिलो तरी ती असते. तिच्याबरोबर जगायचे कसे, हे आम्ही थोडेफार शिकलो आहोत. आमच्या अचलपूर-परतवाड्यातील मुलांच्या कानांवर ही पाळी येऊ नये, असे मनापासून वाटते. म्हणून हा विषय वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

या त्रासाला डॉक्टर टिनिटस म्हणतात. मराठीत कर्णनाद हा शब्द आहे. युनानी हकीम त्याला 'तनीन' म्हणतात. इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात कानाच्या विकारांमध्ये त्याचा विचार केला आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही माणसे ही तक्रार घेऊन हकिमाकडे जात होती. आज जगात दर दहा प्रौढांमागे एकाला तरी हा आवाज कमीअधिक प्रमाणात ऐकू येतो. कोणाला शीळ, कोणाला रातकिड्यांची किरकिर, कोणाला पंख्याची घरघर, तर कोणाला समुद्रासारखी गाज. तेव्हा ज्यांना हा त्रास आहे त्यांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: तुम्ही एकटे नाही, आणि तुम्हाला वेड लागलेले नाही.

कानाच्या आत काय घडते

बाहेरचा आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. ती हा धक्का आतल्या कानापर्यंत नेतात. आतला कान गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असतो आणि त्यात द्रव भरलेला असतो. त्या द्रवात सुमारे पंधरा हजार पेशी ओळीने बसवलेल्या आहेत. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात, म्हणून त्यांना केशपेशी म्हणतात. द्रव हलला की तंतू वाकतात, आणि त्याचा संदेश मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. ऐकणे म्हणतात ते हेच.

शेतात वारा आला की गव्हाच्या ओंब्या लवतात आणि पुन्हा उभ्या राहतात. वादळ आले तर पीक आडवे पडते. केशपेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजाने त्यांचे तंतू आडवे होतात. आवाज थोडा वेळ असेल तर ते काही तासांत, कधी एकदोन दिवसांत सावरतात. वरातीतून घरी आल्यावर कानाला दडे बसतात, कानात गुंई आवाज येतो आणि सकाळपर्यंत तो जातो, हा अनुभव बहुतेकांना आहे. पण आवाज फार मोठा असेल, किंवा तोच मार रोज बसत असेल, तर पेशी मरते. चामडी फाटली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते. माणसाची केशपेशी मात्र एकदा गेली की पुन्हा उगवत नाही.

सकाळी दडे गेले म्हणजे नुकसान झाले नाही, असेही धरून चालता येत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. पण पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटले होते. कानात येणारा गुंई आवाज म्हणजे कानाने दिलेली ताकीद आहे, असे समजावे.

मग नसलेला आवाज कुठून येतो? काही पेशी गेल्या की त्या पट्टीतला संदेश मेंदूला मिळेनासा होतो. रेडिओचे स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो, आणि मग गाण्याऐवजी खरखर मोठी होते. मेंदूही असेच काहीसे करतो. हरवलेला संदेश शोधताना तो आपली संवेदनशीलता वाढवतो आणि ती आतली खरखर आपल्याला शीळ म्हणून ऐकू येते. सगळ्यांच्या बाबतीत हेच कारण असते असे नाही. कानात मळ साचणे, कान फुटणे, रक्तदाब, काही औषधे, वय यांमुळेही आवाज येतो. पण टाळता येण्याजोग्या कारणांत मोठा आवाज हे मुख्य कारण आहे.

किती आवाज, किती वेळ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या फूटपट्टीसारखे नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. त्यामुळे ९० आणि १०० यांतला फरक आकड्यावरून वाटतो तेवढा लहान नाही.

आपले घरातले बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. त्याने कानाला काही होत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, अशी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीसमोर आवाज १०० च्या सहज वर जातो. १०९ डेसिबलला कानाची दिवसभराची मर्यादा दोन मिनिटांतच संपते. वरात तर दोन-दोन तास चालते.

मोजण्याचे यंत्र जवळ नसते. त्यासाठी एक सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपनेही ढोबळ अंदाज येतो.

आमचा आजार कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगतो. आमचे बालपण परतवाड्यात आरा मशीनच्या शेजारी गेले. मेळघाटचे सागवान इथे येते, त्यामुळे लाकूड चिरण्याचा आवाज आमच्या भागाला नवा नाही. सहा वर्षांपूर्वी एका अरुंद गल्लीत वरातीमुळे रस्ता बंद झाला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. डावा कान स्पीकरच्या भिंतीकडे आणि उजवा घराच्या भिंतीकडे, अशा अवस्थेत वीस-पंचवीस मिनिटे गेली. त्या रात्री सुरू झालेली शीळ गेली नाही. पुढे तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या जागी खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळख असते, असे डॉक्टरांनी सांगितले.

कारागिरांचे कान

आवाजाने कान जातात हे माणसाला नव्याने कळलेले नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी व्हेनिसमधल्या तांबटांविषयी लिहून ठेवले, की दिवसभर तांबे ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते बहिरे होतात. आपल्या महाराष्ट्रात मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथे लाखो हात यंत्रमागावर चालतात. मालेगाव आणि भिवंडीत त्यात आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि पाळी बहुधा बारा तासांची. तिथले कारागीर ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. घरी आल्यावर त्यांचा आवाज चढलेला असतो. बायको म्हणते, ओरडता कशाला? ते ओरडत नसतात. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो.

आमच्या मोहल्ल्यातही कापड गिरणीत आणि आरा मशीनवर आयुष्य घालवलेले बुजुर्ग आहेत. मशिदीत ते पहिल्या सफमध्ये बसतात, कारण मागून बयान ऐकू येत नाही. नातवंडे त्यांच्याशी बोलायचे टाळतात, कारण प्रत्येक वाक्य तीनदा सांगावे लागते. हळूहळू तेही बोलायचे सोडून देतात. बहिरेपण दिसत नाही, पण ते माणसाला भरल्या घरात एकटे पाडते.

लोहारकाम, फॅब्रिकेशन, आरा मशीन, जिनिंग, यंत्रमाग, थ्रेशर, ड्रिल मशीन यांवर काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. पहिली, कामाच्या जागी कानाचे संरक्षण मागणे हा तुमचा हक्क आहे. दुसरी, आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यासाठी तपासणीचे कागद लागतात. म्हणून वर्षातून एकदा कानाची तपासणी करून तिचा आलेख जपून ठेवावा.

कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये किंवा सुरक्षा साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतात. ते घालण्याची रीत आहे. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. तो आत फुगतो आणि नळी बंद करतो. नीट बसला तर पंधरा-वीस डेसिबल आवाज सहज कमी होतो. साध्या कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही. कापूस घातला म्हणून निर्धास्त राहू नये.

आवाजाबरोबर जगणे

आमच्यासारख्या रुग्णाचा पहिला प्रश्न असतो: हा आवाज जाणार कधी? डॉक्टरांनी आम्हाला खरे सांगितले. मळ, संसर्ग असे कारण असेल तर ते दूर केल्यावर आवाज जाऊ शकतो. केशपेशी गेल्यामुळे आलेला आवाज बंद करणारी खात्रीची गोळी आज नाही. म्हणून 'सात दिवसांत कान साफ' असल्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. कानात लसणाचे तेल, कांद्याचा रस वगैरे घालू नये. पडद्याला छिद्र असेल तर त्याने नवे दुखणे उभे राहते.

मग उपाय काय? उपाय आहे तो मेंदूला सवय लावण्याचा. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक नव्या पाहुण्याला झोपू देत नाही, घरच्यांना ती ऐकूही येत नाही. टिकटिक तेवढीच असते. घरच्यांच्या मेंदूने तिला बिनमहत्त्वाची ठरवलेले असते. कानातल्या आवाजाचेही असे होऊ शकते. त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही लागते.

पहिला नियम असा, की पूर्ण शांततेत बसू नये. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर रात्रभर चालतो, तेव्हा आमची झोप चांगली होते. दिवाळीनंतर कूलर बंद होतो, पंखाही बंद होतो, आणि हिवाळ्याच्या निवांत रात्री तीच शीळ दुप्पट मोठी वाटते. आता आम्ही थंडीतही टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून मंद चालवतो. कोणी रेडिओ अगदी हळू लावतात, कोणी मोबाईलवर पावसाचा आवाज. हा आवाज कानातल्या शिळेपेक्षा किंचित कमीच असावा. तिला दाबून टाकायला मोठा आवाज लावणे म्हणजे आगीवर तेल.

दुसरा नियम, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावायला लाजू नये. बाहेरचे आवाज नीट ऐकू येऊ लागले, की आतला आवाज पुष्कळांना कमी जाणवतो. चष्मा लावायची आपल्याला लाज वाटत नाही, मग कानाच्या यंत्राची का वाटावी?

तिसरी गोष्ट मनाची. काळजी, जागरण आणि थकवा यांनी हा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की काळजी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. विचारांची दिशा बदलायला शिकवणारी 'सीबीटी' नावाची पद्धत यासाठी वापरतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत आमचीही झोप उडाली होती, चिडचिड वाढली होती. वर्गात मुलांवर आवाज चढायचा. कोणाला फारच निराश वाटू लागले, जीव नकोसा झाला, तर मनात ठेवू नये. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत, उर्दूत बोलता येते.

घरच्यांनीही थोडे समजून घ्यावे. अशा माणसाशी बोलताना समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे. स्वयंपाकघरातून मिक्सर चालू असताना हाक मारू नये. 'तुम्हाला नेहमी ऐकूच येत नाही' हे वाक्य तर घरातून हद्दपार करावे.

डॉक्टरांकडे केव्हा

आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे. 'सर्दीमुळे असेल, बघू' म्हणून आठवडा घालवू नये. अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर कान वाचण्याची शक्यता अधिक असते.

काही औषधे कानाला बाधतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन ही त्यांतील काही. ती जीव वाचवण्यासाठी दिलेली असतात, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पण ती चालू असताना कानात आवाज आला तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

तपासणीची सोय कुठे आहे, याची चौकशी उपजिल्हा रुग्णालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करावी. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने २००६-०७ पासून सुरू केला आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था वाणी आणि श्रवणदोषांसाठीच आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. श्रवणयंत्रासाठी सरकारी मदतही मिळते. उत्पन्नाच्या दाखल्यासह तिची चौकशी करावी.

मुलांचे कान

शिक्षक म्हणून हा भाग आम्हाला सर्वांत जवळचा आहे. उर्दूचा इमला घेताना एखादा मुलगा 'सीन' आणि 'शीन' यांत वारंवार गोंधळतो. आपण त्याला रागावतो, लक्ष नाही म्हणतो. पण मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त, क ही व्यंजने त्याच भागात येतात. मुलाला बोलणे ऐकू येते, पण शब्द स्पष्ट होत नाहीत. जो मुलगा सारखा 'हां जी?' विचारतो, टीव्हीजवळ जाऊन बसतो, एकच कान पुढे करतो, मागून हाक मारल्यावर वळत नाही, त्याची चूक काढण्याआधी त्याचे कान तपासावेत. शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि शंका असेल तर ती पथकाला स्पष्ट सांगावी.

दुसरी काळजी इअरफोनची. जगात शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्ण आवाजात इअरफोन १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मुलांना मनाई करून भागत नाही, नियम शिकवावा लागतो. आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. तासभर ऐकले की कानाला विश्रांती. बसमध्ये गोंगाट आहे म्हणून आवाज वाढवायचा नाही. इअरफोन लावून झोपायचे नाही. शेजारच्याला आपले गाणे ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे.

वरात, जुलूस आणि कायदा

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही; ठरावीक सणांना वर्षातून फार तर पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सूट देता येते. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोंगाटापासून मुक्त जगणे हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे.

या कामात मुंबईच्या सुमायरा अब्दुलअली यांचे नाव आदराने घ्यावे लागते. २००३ मध्ये त्या शांतता क्षेत्रांसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २००६ मध्ये त्यांनी 'आवाज फाउंडेशन' स्थापन केले. हातात डेसिबल मीटर घेऊन त्या सर्वच धर्मांच्या सणांचा, राजकीय सभांचा, फटाक्यांचा आवाज मोजतात आणि आकडे जाहीर करतात. त्यांचे मीटर कोणाचा धर्म विचारत नाही.

कानही धर्म विचारत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की मोठा आवाज गणेशोत्सवात अपायकारक असेल तर तो ईदच्या जुलूसमध्येही अपायकारकच आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही. तक्रार आली तर तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी. यावर आपल्यात बरीच चर्चा झाली, काहींना वाईटही वाटले. पण मुंबईच्या काही मशिदींनी २०२५ मध्ये मोबाईल अॅपवरून अजान घराघरात पोहोचवायला सुरुवात केली. वाद न वाढवता मार्ग निघाला. सूरह लुकमानमध्ये बापाने मुलाला केलेल्या नसीहतींत आवाज नरम ठेवण्याचीही नसीहत आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. ती जुलूसलाही लागू व्हावी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाचीचा निकाह ठरला. नवरदेवाच्या मित्रांनी परतवाड्याहून अचलपूरपर्यंत वरातीला डीजे ठरवला होता. इकडे घरात हृदयरोगी नानी, दुसऱ्या भाचीचे चाळीस दिवसांचे बाळ, आणि आमचा कान. दुल्हाभाई म्हणाले, "आपण मुलीकडचे. आपण कसे सांगायचे? उद्या मुलीला बोल लागतील." त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी आम्ही दोघे मुलाच्या वडिलांकडे गेलो. ते वीस वर्षे आरा मशीनवर होते. आम्ही बोलू लागलो तेव्हा त्यांनी उजवा कान पुढे केला. दोनदा सांगितल्यावर त्यांना कळले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "बेटा, माझे कान पोट भरण्यासाठी गेले. त्या बाळाचे कशासाठी जाऊ द्यायचे?"

डीजे रद्द झाला. नवरदेवाचे दोन मित्र रुसले, ते वलीम्याला आले नाहीत. डीजेवाल्याने आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत. ते दोन्ही घरांनी अर्धे अर्धे सोसले. पण निकाहच्या वेळी काजीसाहेबांचा खुतबा शामियान्याच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला, आणि बाळ नानीच्या मांडीवर झोपून राहिले. तेव्हापासून मोहल्ल्यात आणखी दोन वराती डीजेशिवाय आल्या. सगळ्याच येतील असे नाही. तरी मुलीकडच्यांना आता हे बोलण्याची हिंमत आली आहे.

घरात करण्यासारखे

वरातीत किंवा जुलूसमध्ये जावेच लागले तर स्पीकरच्या भिंतीपासून दूर चालावे. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबल कमी होतो. तान्ह्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना स्पीकरजवळ नेऊ नये. खिशात फोमच्या बोळ्यांची जोडी ठेवावी. मोठ्या आवाजात राहावे लागले तर पुढचे एकदोन दिवस कानाला शांतता द्यावी. फटाका हातभर अंतरावर उडवू देऊ नये. एका धमाक्याने पडदा फाटू शकतो. कानात काडी, पिन, किल्ली घालू नये; मळ आपोआप बाहेर येतो. लग्नाची बोलणी होताना मेहर आणि जेवणाबरोबर आवाजाचेही ठरवून टाकावे, म्हणजे ऐन वेळी कोणाला अवघड जात नाही. रात्री दहानंतरही त्रास चालू राहिला तर ११२ क्रमांकावर कळवता येते. पण त्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन दोन शब्द नरमाईने बोलून पाहावे. पुष्कळदा तेवढे पुरते.

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. या वर्षी त्या दिवशी आम्ही शाळेत मुलांना एक काम देणार आहोत. घरी जाऊन आजोबा-आजीजवळ बसायचे, त्यांच्यासमोर तोंड करून सावकाश बोलायचे आणि त्यांना कोणते आवाज आता ऐकू येत नाहीत ते वहीत लिहून आणायचे. वाचकांनीही आपल्या घरी हे करून पाहावे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची आठवण त्यामुळे होईल, आणि मुलांना आपल्या कानांची किंमत कळेल.